परत आलेलं हमिंग: स्पीकरमधल्या घूंचा माग काढायचा कसा

मंडळी, आपल्या गप्पा कुठूनही सुरू होऊ देत, कुणाच्या नव्या ट्विटरवरून (उंच सुरांचा छोटा स्पीकर) किंवा कुणी माळ्यावरून उतरवलेल्या जुन्या ॲम्पवरून (ॲम्प्लिफायर), थोड्या वेळात कुणीतरी विषय काढतंच: "अरे, माझं हमिंग परत सुरू झालंय." मग सल्ल्यांचा पाऊस. एक म्हणतो केबल बदल. दुसरा म्हणतो अर्थिंग बघ. तिसरा म्हणतो, "तो ॲम्प काढूनच टाक," आणि स्वतःकडचा एक ॲम्प विकायचाय हेही जाता जाता कानावर घालतो.

माझं म्हणणं असं की परत आलेलं हमिंग बहुतेक वेळा गेलेलंच नसतं. मागच्या वेळी आपण चार केबल हलवल्या, एक प्लग दुसरीकडे लावला, आवाज थांबला आणि खूश होऊन गाणी लावली. नेमकं काय केल्याने थांबला हे कुणी बघितलंच नाही. पुढे सबवूफर (फक्त बेस वाजवणारा वेगळा स्पीकर) आला, टीव्ही बदलला किंवा साफसफाईत रॅक पुढे ओढला, की घूं पुन्हा हजर. म्हणून आधी शोध, खरेदी मागाहून. आणि शोधायचं ते एका ठरलेल्या क्रमाने, कारण एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या की कशाने फरक पडला ते कळायचा मार्गच बंद होतो.

आधी नुसतं ऐका

गाणं बंद, नॉब नेहमीच्या जागी, पंखा बंद, कान वूफरपासून (खालच्या सुरांचा मोठा स्पीकर) हातभर. येतोय तो आवाज कोणत्या जातीचा आहे?

जाड, सलग, एकसुरी घूं म्हणजे खरा हम. हा मेन्सचा, म्हणजे घरात येणाऱ्या विजेचा सूर. जगात बहुतेक ठिकाणी मेन्स ५० हर्ट्झची असते, उत्तर अमेरिकेत आणि आणखी काही भागांत ६० ची. पुढे मी ५० धरून बोलणार आहे. तुमच्याकडे ६० असेल तर १०० च्या जागी १२० वाचा.

धार असलेली, करकरीत झर्रर्र म्हणजे बझ. त्यात मेन्सचे वरच्या पटीतले सूर ठासून भरलेले असतात. दिव्यांचे डिमर, हलक्या दर्जाचे एलईडी ड्रायव्हर, कुठेतरी ठिणगी टाकणारा लूज कॉन्टॅक्ट अशी याची नेहमीची घराणी. दिवा मंद केल्यावर झर्रर्र वाढते आणि दिवा पूर्ण बंद केल्यावर जाते, असं झालं तर पुढचं वाचायचीही गरज नाही, चोर सापडला. नुसतं स्स्स येत असेल तर ती हिस. तिचा मेन्सशी संबंध नाही, ती गेनची, म्हणजे ॲम्प सिग्नल किती वाढवतो त्याची गोष्ट आहे, आणि संवेदनशील स्पीकरवर थोडीफार ऐकू यायचीच. मध्येच टिडिक-टिडिक-टिडिक होऊन थांबत असेल तर शेजारी ठेवलेला मोबाइल लांब न्या; जीएसएमचा फोन सेकंदाला सुमारे २१७ वेळा रेडिओचे ठोके देतो आणि ॲम्पचं इनपुट ते उचलतं.

आणखी एक वेगळी केस. आवाज स्पीकरमधून येतोय की ॲम्पच्या डब्यातून? ॲम्प बंद करून स्पीकरच्या तारा काढा, पुन्हा चालू करा. (ट्यूबचा ॲम्प असेल तर हे करू नका, स्पीकरशिवाय तो चालवायचा नसतो.) घूं तशीच येत असेल तर तो ट्रान्सफॉर्मर स्वतः थरथरतोय. टोरॉइडल (कड्याच्या आकाराचा) ट्रान्सफॉर्मर याबाबतीत फार नाजूक. मेन्समध्ये अगदी थोडा डीसी (एकाच दिशेने वाहणारी वीज) मिसळला तरी त्याचा कोअर सॅच्युरेट व्हायला, म्हणजे चुंबकत्वाने काठोकाठ भरायला लागतो आणि तो गुरगुरतो. काही हेअर ड्रायर अर्ध्या उष्णतेवर एका डायोडमधून चालतात, म्हणजे मेन्सची अर्धीच लाट वापरतात, आणि तेवढ्याने घरभराच्या लाइनवर डीसी येतो. रोज ठरावीक वेळी दहा मिनिटं ॲम्प गुरगुरत असेल तर आरशासमोर कोण उभं आहे ते आधी बघा. याला इलाज डीसी ब्लॉकर, सिग्नलच्या केबल नव्हेत.

आता स्पीकरमधून येणाऱ्या हमकडे वळू. तो ५० चा की १०० चा, यावरून अर्धा निकाल लागतो. पॉवर सप्लायमधला रेक्टिफायर मेन्सच्या लाटेचे दोन्ही अर्धे एकाच बाजूला वळवतो, त्यामुळे तिथली राहिलेली खळबळ १०० हर्ट्झची असते. म्हणजे स्वच्छ १०० चा सूर असेल तर ॲम्पच्या पोटात बघायचं, आणि ५० चा असेल तर बाहेर: लूप (अर्थच्या जोडण्यांचं वर्तुळ, पुढे समजावलंय), तुटलेली शील्ड (केबलमधलं धातूचं आवरण), नाहीतर जवळच्या ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र.

ओळखायचं कसं? त्याच सिस्टममधून ५० आणि १०० हर्ट्झचे टोन हळू आवाजात वाजवा आणि हमशी ताडून बघा. इथे दोन अडचणी येतात. छोट्या बुकशेल्फ स्पीकरमधून ५० नीट निघतच नाही, आणि आपला कानही खालच्या सुरांना बराच बहिरा. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवलं होतं. त्यामुळे मूळ ५० असला तरी ऐकू येतात ते १००, १५०, २५० हे वरचे. अशा वेळी मोबाइलवर स्पेक्ट्रम दाखवणारं ॲप चालू करून माइक वूफरला लावा. १५० आणि २५० चे खांब उंच दिसले तर बहुधा लूप. १०० आणि २०० च ठळक असतील तर सप्लाय.

नॉब फिरवा

इतकी सोपी परीक्षा आहे, पण भलेभले विसरतात. व्हॉल्यूम खाली-वर करा. हम त्याच्याबरोबर कमी-जास्त होत असेल तर तो नॉबच्या आधी घुसतोय, म्हणजे सोर्स (ज्यातून गाणं येतं ते उपकरण) किंवा त्याची केबल. नॉब शून्यावर नेला तरी घूं ढिम्म, तर ती नॉबच्या नंतर घुसतेय: पॉवर ॲम्पचा (स्पीकर चालवणारा) भाग, सप्लाय, किंवा प्रीॲम्पपासून (इनपुट आणि नॉबचा आधीचा भाग) पॉवर ॲम्पला, सबवूफरला नाहीतर ॲक्टिव्ह (आतच ॲम्प असलेल्या) स्पीकरला जाणारी केबल. मग इनपुट बदलून बघा. एकाच इनपुटवर येत असेल तर त्या इनपुटचीच गोष्ट. सगळ्यांवर सारखी असेल तर पुढे वाचा.

एकाच चॅनलला असेल तर सोर्सच्या मागे लाल-पांढऱ्या प्लगची अदलाबदल करा. हम दुसऱ्या स्पीकरमध्ये गेला तर दोष अदलाबदलीच्या अलीकडे, सोर्समध्ये. गेला नाही तर पलीकडे, केबल किंवा ॲम्पमध्ये. एका चॅनलचा मोठा, दणदणीत हम म्हणजे जवळजवळ नेहमी तुटलेली शील्ड किंवा ड्राय सोल्डर (नीट न धरलेला टाका). आरसीएचा, म्हणजे तो लाल किंवा पांढरा प्लग हातात घेऊन बघा. बाहेरचं कडं चार पाकळ्यांचं असतं. वर्षानुवर्षं काढ-घाल करून त्या पाकळ्या फाकतात आणि कडं सॉकेटवर नुसतं टेकून राहतं, पकडत नाही. मधली पिन मात्र घट्ट असते, म्हणून गाणं व्यवस्थित वाजतं आणि शंका केबलवर जात नाही. पाकळ्या पकडीने हलकेच आत दाबल्या की काम झालं.

सगळं काढा, मग एकेक लावा

आता ॲम्प आणि स्पीकर एवढंच ठेवा. बाकी प्रत्येक तार काढायची. बंद केलेला टीव्ही म्हणजे काढलेला टीव्ही नव्हे. स्विच बंद असला तरी केबलची शील्ड आणि अर्थची तार जोडलेलीच राहते. एचडीएमआय, सबवूफरची तार, एरियलची कोॲक्स (टीव्हीची जाड गोल तार), लॅनची तार, चार्जिंगला लावलेली यूएसबी, सगळं बाहेर. केबल काढताना आणि लावताना ॲम्प बंद ठेवा. आरसीएची ही जन्मजात खोड आहे की लावताना मधली पिन आधी टेकते आणि अर्थचं कडं नंतर, त्यामुळे चालू ॲम्पला प्लग लावला की भॉऽऽक करून वूफर बाहेर येतो.

ॲम्प एकटा असताना शांत आहे? छान, म्हणजे ॲम्प निर्दोष. एकटा असतानाही घूं येत असेल तर इनपुटला शॉर्टिंग प्लग लावून बघा. मधली पिन आणि कडं आतून जोडलेला साधा आरसीए प्लग म्हणजे शॉर्टिंग प्लग, घरी सोल्डर करता येतो. तरीही घूं तशीच असेल तर ॲम्पच्या आतल्या गोष्टींकडे जा, खाली लिहिलंय.

ॲम्प शांत असेल तर एकेक तार लावत जा, प्रत्येक तारेनंतर थांबून ऐका. ज्या तारेला घूं सुरू झाली ती बाजूला ठेवा, बाकीच्या लावून बघा. कधी कधी एक तार एकटी निरुपद्रवी असते आणि दुसरीबरोबर आली की घूं. तिथेच लूप आहे.

लूप म्हणजे नेमकं काय

तुमच्या ॲम्पला थ्री-पिन प्लग आहे, म्हणजे त्याचा पत्रा अर्थला जोडलेला. सबवूफरलाही थ्री-पिन, तोही अर्थला. आता दोघांच्या मध्ये आरसीए केबल लावली की तिच्या शील्डनेही दोघांचे पत्रे जोडले गेले. अर्थच्या तारेतून एक वाट, शील्डमधून दुसरी. झालं वर्तुळ. दोन सॉकेटांच्या अर्थमध्ये अगदी किंचित व्होल्टेजचा फरक असतोच. दोन टाक्यांतल्या पाण्याच्या पातळीत बोटभर फरक असला तरी जोडणाऱ्या नळीतून पाणी वाहतं, तसा शील्डमधून मेन्सचा करंट वाहायला लागतो.

आकडे घालून बघू. शील्डचा आणि कॉन्टॅक्टचा मिळून रेझिस्टन्स ०.१ ओहम, वाहणारा करंट १० मिलिॲम्पिअर. दोन्ही मामुली. पण गुणाकार केला की शील्डच्या दोन टोकांत १ मिलिव्होल्ट उभा राहतो. आरसीएमध्ये शील्ड हीच सिग्नलची परतीची तार असते, त्यामुळे तो १ मिलिव्होल्ट सरळ सिग्नलमध्ये मिसळतो. घरगुती लाइन लेव्हल, म्हणजे सोर्सकडून ॲम्पला जाणाऱ्या सिग्नलची पातळी ०.३१६ व्होल्टची धरली तर हम सिग्नलच्या फक्त ५० डेसिबल खाली. शांत खोलीत हा स्पष्ट ऐकू येतो. म्हणूनच इथे महागडी पॉवर केबल काही करत नाही. तिला या वर्तुळाशी देणंघेणं नाही. जाड शील्डची, कमी रेझिस्टन्सची इंटरकनेक्ट मात्र खरोखर फरक पाडते, आणि आखूड असेल तर आणखी.

सगळ्यात चकवणारा लूप एरियलच्या तारेचा. एका मित्राशी झालेलं बोलणं जसंच्या तसं सांगतो, कारण ही शंका सगळ्यांनाच येते.

"टीव्हीची कोॲक्स काढून बघितलीस का?"

"टीव्हीचा काय संबंध? मी गाणी लॅपटॉपवरून ऐकतो."

"टीव्हीपासून ॲम्पला एचडीएमआय लावलीय ना?"

"लावलीय. पण ते इनपुट निवडलेलंच नाही."

"निवडायला लागतच नाही रे. इनपुट बदललं तरी शील्ड कायम जोडलेली असते. जा, सेट-टॉप बॉक्सच्या मागची कोॲक्स फिरवून काढ, फोन चालू ठेव."

मागून घूं ऐकू येत होती. कोॲक्सचा नट शेवटचा आटा सुटेपर्यंत ती तशीच होती आणि सुटल्याक्षणी बंद. तो म्हणाला, "आयला."

ही तार इमारतीबाहेरून येते आणि तिकडे कुठेतरी वेगळ्या जागी अर्थ झालेली असते, त्यामुळे तिच्या आणि तुमच्या सॉकेटच्या अर्थमधला फरक नेहमीपेक्षा मोठा असतो. केबल टीव्हीच्या तारेला गॅल्व्हॅनिक आयसोलेटर (सिग्नल जाऊ देणारा, पण धातूची जोडणी तोडणारा) लावला की प्रश्न मिटतो. डिशच्या तारेला मात्र डोळे मिटून आयसोलेटर लावू नका. त्या तारेतूनच बॉक्स छतावरच्या एलएनबीला (डिशवरचा सिग्नल पकडणारा डबा) १३ किंवा १८ व्होल्ट पाठवत असतो. साधा आयसोलेटर तो डीसी अडवतो, मग हमही जातो आणि चित्रही. तिथे बॉक्स आणि ॲम्प यांच्यामध्ये तोडणं सोपं.

लॅपटॉपची परीक्षा तर मिनिटाची. चार्जर काढून बॅटरीवर चालवा. घूं गेली तर लूप चार्जरमधून आहे. माउस हलवला की चिर्र, फाइल उघडली की चिर्रचिर्र असले आवाजही बहुधा याच वाटेने येतात.

लूप तोडायचा कुठे

आधी फुकटचा उपाय. ॲम्प, सब, टीव्ही, सोर्स सगळे एकाच भिंतीच्या सॉकेटवरून, एकाच चांगल्या एक्स्टेंशन बोर्डवर घ्या. अर्थमधला फरक कमी झाला की करंट कमी, हम कमी. मात्र बोर्डाची क्षमता आणि सगळ्यांचा मिळून लोड बघा. मोठा पॉवर ॲम्प आणि हीटर एका बोर्डावर नको. जास्तीच्या लांब केबलचं वेटोळं करून रॅकमागे कोंबू नका. सिग्नलच्या तारा पॉवरच्या तारांना समांतर नेऊ नका, ओलांडायचीच झाली तर काटकोनात ओलांडा.

तेवढ्याने भागलं नाही तर जिथे जमेल तिथे ऑप्टिकल. टॉसलिंक नावाची ही जोडणी तोशिबाने १९८३ मध्ये आणली, तिच्यातून उजेड जातो, वीज नाही, त्यामुळे लूप होणंच शक्य नाही. टीव्ही ते ॲम्प या जोडणीला याच्याइतका सोपा इलाज नाही. पण ऑप्टिकल लावून एचडीएमआय तशीच ठेवलीत तर काही उपयोग नाही. हे सांगायला नको, पण सांगावं लागतं.

ॲनालॉगच लागत असेल तर लाइन आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर. सिग्नल चुंबकीय मार्गाने पलीकडे जातो, शील्ड मध्ये तुटते. यात दर्जाचा फरक जबरदस्त. हलक्या ट्रान्सफॉर्मरचा छोटा कोअर खालच्या सुरांत सॅच्युरेट होतो, म्हणजे हम जातो आणि जाताना बेसही घेऊन जातो. सबवूफरच्या लाइनवर म्हणूनच हलका आयसोलेटर लावू नये. तिथे चांगला घ्या नाहीतर दुसरा मार्ग शोधा. टर्नटेबल (रेकॉर्ड प्लेअर) आणि त्याचा क्षीण सिग्नल वाढवणाऱ्या फोनो प्रीॲम्पच्या मध्येही हा लावायचा नाही, लावायचा तर प्रीॲम्पच्या नंतर. यूएसबी डॅकसाठी (डिजिटल सिग्नलचा ॲनालॉग करणारा डबा) यूएसबी आयसोलेटर मिळतात, पण घेण्याआधी तुमच्या डॅकचा स्पीड त्याला झेपतो का ते तपासा.

बॅलन्स्ड जोडणीची सोय दोन्ही टोकांना असेल तर एक्सएलआर (तीन पिनांचा प्लग) वापरा. तिथे सिग्नल दोन तारांतल्या फरकात असतो आणि शील्डला सिग्नल वाहायचं काम नसतं. तरीही काही एक्सएलआर उपकरणं घूं करतात, कारण आत पिन १ (शील्डची पिन) पत्र्याला न जोडता सर्किटच्या ग्राउंडला जोडलेली असते. ऑडिओ इंजिनिअर नील मन्सी यांनी १९९५ मध्ये हा घोळ नीट मांडला, तेव्हापासून त्याला 'पिन १ प्रॉब्लेम'च म्हणतात, आणि पुढे ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीचं एईएस ४८ हे मानक त्यावरच आलं. म्हणजे महागाचं आहे, बॅलन्स्ड आहे, एवढ्यावर निर्धास्त राहू नका.

अर्थची पिन कापू नका

हा सल्ला अजूनही कुणीतरी देतंच: "थ्री-पिनचा अर्थ काढ, हम जाईल." जातो, हे खरं आहे. वर्तुळ तुटतं ना. पण उद्या ॲम्पच्या आत मेन्सची तार पत्र्याला टेकली तर तो करंट जायला वाट नाही, फ्यूज उडत नाही, आणि पत्रा लाइव्ह होऊन बसतो. मग तो करंट आरसीएच्या शील्डमधून दुसऱ्या उपकरणाकडे धावतो, नाहीतर नॉबला हात लावणाऱ्यातून. तात्पुरतं, बघण्यापुरतं, असंही नको. परीक्षेसाठी सिग्नलची केबल काढा, अर्थ नव्हे.

याहून भयंकर प्रकार म्हणजे सॉकेटमध्ये अर्थच नाही म्हणून कुणी न्यूट्रल आणि अर्थच्या पिना आतून जोडून देतं. न्यूट्रल कुठे तुटला की रॅकमधला प्रत्येक पत्रा लाइव्ह. असं दिसलं तर सिस्टम बंद करून इलेक्ट्रिशियनला बोलवा.

पत्र्यावर बोट फिरवलं की झिणझिण्या येत असतील तर दोन शक्यता. उपकरण टू-पिनचं आहे आणि त्याच्या स्विचिंग सप्लायमधला छोटा कपॅसिटर थोडा करंट पत्र्यावर सोडतोय. हा करंट मर्यादेतला असतो, पण घूं आणायला पुरतो. किंवा उपकरण थ्री-पिनचं आहे आणि भिंतीत अर्थ पोचलेलाच नाही. दुसऱ्या बाबतीत 'अर्थिंग बघ' म्हणणारा मित्र शंभर टक्के बरोबर.

टर्नटेबलवाल्यांसाठी

तुमचं गणित वेगळंच आहे. मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमधून (सुई बसवलेला, हलत्या चुंबकाचा पिकअप) जेमतेम ३ ते ५ मिलिव्होल्ट निघतात. फोनो प्रीॲम्प त्यांना १ किलोहर्ट्झला साधारण १०० पट वाढवतो. त्यात आरआयएए कर्व्ह (रेकॉर्डवर दाबलेला बेस परत चढवणारं ठरलेलं प्रमाण) ५० हर्ट्झला आणखी १७ डेसिबल चढवतो, म्हणजे तिथे एकूण सुमारे ७०० पट. नेमका मेन्सचा सूरच भरपूर फुगवला जातो. म्हणून सीडीवर शांत असलेली सिस्टम फोनोवर घूं करते याचं नवल नाही.

पहिली गोष्ट, ती बारीक अर्थची तार प्रीॲम्पच्या स्क्रूला खरंच लागलीय का बघा. नुसती अडकवलेली नको, स्क्रू घट्ट हवा. काही टोनआर्ममध्ये (सुईचा दांडा) वेगळी तार नसते, आर्मचा अर्थ डाव्या चॅनलच्या शील्डला आतूनच जोडलेला असतो. तिथे कौतुकाने बाहेरून आणखी तार जोडलीत तर आपणच लूप तयार करतो.

मग प्लेट थांबवून, मोटर चालू ठेवून, आर्म हाताने उचलून मध्याकडे न्या. हम हळूहळू वाढत गेला तर कार्ट्रिज मोटरचं क्षेत्र पकडतंय. थांबवता येत नसेल तर प्लेट फिरती ठेवा, सुई फक्त टेकू देऊ नका. मोटर बंद असतानाही जागेनुसार बदलत असेल तर शेजारचा ॲम्प. टर्नटेबल ॲम्पच्या डोक्यावर ठेवायचं नाही, एवढ्यानेच कित्येक तक्रारी मिटतात. फोनो प्रीॲम्पचा ॲडॉप्टरही हातभर लांब सरकवून बघा. एकाच चॅनलला घूं असेल तर हेडशेलमधल्या (कार्ट्रिज बसतं ते आर्मचं टोक) चार तारा तपासा: पांढरी डावीकडची, तिचा ग्राउंड निळा, लाल उजवीकडची, तिचा ग्राउंड हिरवा. त्यांच्या इवल्याशा टोप्या कार्ट्रिजच्या पिनवर सैल होतात. चिमट्याने टोपी धरा, तारेला ओढू नका, तुटते.

ॲम्पच्या पोटातलं

जुना ॲम्प, १०० चा स्वच्छ सूर, नॉब शून्यावर असतानाही तसाच, काहीही जोडलेलं नाही. मग संशय फिल्टर कपॅसिटरवर (सप्लायमधली खळबळ सपाट करणारे). इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर वाळत जातात, आणि उष्णतेने लवकर. दर १० अंश तापमान कमी केलं की आयुष्य अंदाजे दुप्पट, असा ठोकताळा आहे. म्हणून बंद कपाटात कोंडलेले ॲम्प आधी जातात. थंड असताना घूं मोठी आणि अर्धा तास तापल्यावर कमी होते, ही त्यांची ठळक खूण. हे बदलायचं काम सवय असलेल्या माणसाकडेच द्या. प्लग काढला तरी मोठे कपॅसिटर चार्ज धरून बसतात, आणि ट्यूबच्या ॲम्पमध्ये तो चार्ज काही शे व्होल्टचा असतो. ट्यूबवाल्यांनी आधी ॲम्प बंद करून, थंड होऊ देऊन, छोट्या ट्यूब डाव्या-उजव्या बदलून बघाव्यात. घूं ट्यूबबरोबर गेली तर ट्यूबच बदलायची.

मग परत का येते?

कॉन्टॅक्टवर गंज चढतो, दमट हवेत लवकर. बोर्डाच्या सॉकेटमधल्या पट्ट्या सैल पडतात. जमिनीतला अर्थ कोरड्या दिवसांत कमजोर होतो, कारण कोरड्या मातीचा रेझिस्टन्स जास्त. दरवर्षी ठरावीक महिन्यांत घूं येत असेल तर हे लक्षात घ्या. घरात नवा चार्जर, नवा राउटर, नवे दिवे येतात आणि जुन्या वर्तुळाला नवी वाट मिळते. आणि आपण रॅक हलवतो, तारा परत लावतो, पण जशा होत्या तशा लावत नाही.

म्हणून सिस्टम शांत असते त्या दिवशी रॅकच्या मागून मोबाइलवर फोटो काढून ठेवा, प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टीवर नाव लिहा, आणि कोणती तार काढल्यावर घूं गेली होती ते त्याच पट्टीवर नोंदवा. आरसीएचे सगळे प्लग अधूनमधून, ॲम्प बंद करून, दोन-तीनदा फिरवून बसवा. गंजाचा पातळ थर तेवढ्याने खरवडला जातो.

तरी अडलात तर विचारा, पण "हमिंग येतंय, काय करू" एवढंच नको. सूर ५० चा की १०० चा, नॉबबरोबर बदलतो का, एका चॅनलला की दोन्ही, ॲम्प एकटा असताना येतो का, कोणकोणती उपकरणं थ्री-पिनची आहेत, आणि बाहेरून येणारी कुठली तार रॅकला लागलीय. आणि मागचा फोटो जोडा, पसारा आहे म्हणून लाजू नका, सगळ्यांचाच असतो.